घोंगडीची ताल

ती बघा, वरून तिसरी! डोंगराच्या उतारावर दगड रचून आडवा बांध घालतात, त्याला आमच्याकडे ताल म्हणतात. वाघुरडीच्या या डोंगरावर अशा एकवीस ताली आहेत. सगळ्या सरळ, पण ती तिसरी मधोमध पोट सुटल्यासारखी पुढे आली आहे. तिथं काय घडलं ते माझे आजोबा सांगायचे, तेव्हा त्यांना बसवतच नसे. उभं राहूनच सांगायचे!

पूर्वी हा डोंगर अगदी उघडाबोडका झाला होता, असं सांगतात. झाडं जळणाला गेली, गवत चरून संपलं आणि पावसागणिक रानातली माती लाल लोंढ्यानं खाली ओढ्यात जाऊ लागली. रानात खडक वर आला. पेरलेलं उगवेना. शेवटी गाव सोडायचं ठरलं, बोचकीसुद्धा बांधून झाली.

त्या सकाळी भिवरा कुंभारीण मडक्यांची माती आणायला ओढ्यावर गेली होती. वळणावर कमरेएवढा गाळ साचलेला. तिनं मूठभर उचलून बोटांत चुरला आणि तशीच धावत चावडीवर आली.

“अवं, आपलं रान कुटं गेलं न्हाई! खाली ओढ्यात बसलंय. चला, घिऊन येऊ!”

लोक हसले. भिवरानं पाटी भरली आणि एकटीच डोंगर चढली. दुसऱ्या दिवशी तिच्यामागं तिघी बायका होत्या. आठव्या दिवशी, म्हणे, ओढ्यापासून माथ्यापर्यंत माणसांची रांग लागली होती! आणलेली माती पुन्हा वाहून जाऊ नये म्हणून बाप्यांनी ताली रचायला घेतल्या.

पण डोंगरावर बिरजी हाके धनगराची मेंढरं चरायची. त्यांच्या खुरांनी दगड निसटू लागले, कोवळं गवत उपटलं जाऊ लागलं. एके दिवशी काठ्या निघाल्या. भिवरा मधे जाऊन उभी राहिली.

“बिरजीदादा, तीन पावसाळे डोंगर सोड.”

“आन् मेंढरांनी काय वारा खायाचा?”

प्रश्न खरा होता. भिवरा गावाकडं वळली. “काढणी झाली की याची मेंढरं तुमच्या रानात बसवा. चारा त्याला, लेंडीखत तुमाला.” मग म्हाताऱ्या सुभान मुल्लांनी आपल्या रानाचं कवाड उघडलं. “ये बिरजी, पयलं माझं रान.” त्यांच्यामागून एकेक कवाड उघडत गेलं.

तिसऱ्या वर्षी हस्ताचा पाऊस असा कोसळला की भरदुपारी समोरचं दिसेना. तिसरी ताल मधोमध फुटली! ती गेली असती, तर खालच्या अठराही गेल्या असत्या. सगळ्यांच्या आधी पोचला तो बिरजी. त्यानं अंगावरची घोंगडी काढली, घडी करून भगदाडात कोंबली आणि पाठ लावून तिथंच बसला. “दगूड टाका! माती टाका! माझ्याकडं बघू नगा!” भिवरानं त्याच्या खांद्याला खांदा लावला. मग सुभानचाचा, मग सारं गाव. माणसांच्या पाठींवर पाणी तटलं आणि माणसांच्या पुढ्यात नवी भिंत चढत गेली. म्हणून ती ताल तशी पुढे आली!

पाऊस ओसरला, तेव्हा कुणीतरी खालून ओरडलं, “पाणी नितळ आलंय!” सगळे ओढ्याकडं धावले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यात तळाचे गोटे दिसत होते. बिरजीची पाठ सोलून निघाली होती, तरी तो गुडघाभर पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा हसत होता, असं सांगतात.

आजही हस्ताचा पाऊस लागला की वाघुरडीत घरात कुणी बसत नाही. सारं गाव ओढ्याच्या काठावर येऊन पाण्याचा रंग बघतं. पाणी नितळ असेल तर गुळाचा खडा वाटतात. गढूळ दिसलं, तर कुणी कुणाला विचारत नाही, कुणाचं रान, कुणाची ताल. अख्खं गाव पाट्या घेऊन डोंगर चढू लागतं.