झाड ऐकणारा सुतारपक्षी

नदीकाठच्या एका दाट जंगलात एक सुतारपक्षी राहत असे. मुलांनो, त्याला नुसता टकटक करणारा पक्षी समजू नका. खोडावर चोच मारून तो कान लावी आणि आवाजावरून झाड आतून भक्कम आहे की किडीने पोखरले आहे, ते नेमके ओळखी. मग कीड वेचून काढी. जंगलातले प्रत्येक झाड त्याला आवाजाने ओळखू येई, आणि या कसबाचा त्याला फार अभिमान होता.

पुढे सिंहाने कोल्ह्याला कारभारी नेमले. कोल्ह्याने फर्मान काढले, "रोज शंभर झाडांवर चोच मारायची आणि संध्याकाळी आकडा सांगायचा." एका संध्याकाळी सुतारपक्षी म्हणाला, "कारभारी, महाराज ज्या ऐनाच्या झाडाखाली राहतात, त्याचा आवाज बदललाय. मोठी फांदी आतून पोकळ झालीय." कोल्ह्याने मानही वर केली नाही. "तुला कुणी विचारलं? शंभर झाली का, तेवढं सांग." सुतारपक्ष्याच्या ते जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवसापासून तो भराभरा शंभर झाडांवर चोच आपटून दुपारीच घरट्यात परतू लागला. बायको म्हणाली, "आज चोचीला भुसासुद्धा लागला नाही तुमच्या." तो म्हणाला, "शंभर झाली. तेवढंच हवंय त्यांना."

महिन्याभराने सोसाट्याचा वारा सुटला आणि ऐनाची ती फांदी कडाडून खाली आली. सिंहाच्या छाव्याचा पाय तिच्याखाली चेंगरला. सिंहाने सुतारपक्ष्याला बोलावून विचारले, "रोज शंभर झाडं तपासतोस, मग हे कसं कळलं नाही?" लंगडणाऱ्या छाव्याकडे पाहून सुतारपक्ष्याला वाईट वाटले; पण मान ताठ ठेवून तो म्हणाला, "कळलं होतं, महाराज. कारभाऱ्यांना सांगितलंही होतं. त्यांना फक्त आकडा हवा होता. मग मीही झाडं ऐकायचं सोडलं, ती माझी चूक. पण चोच कुणीही आपटेल. माझं काम झाड ऐकण्याचं आहे."

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्हा पायाने माती उकरू लागला. "आजपासून हा माझ्याशीच बोलेल," सिंह म्हणाला, आणि जंगलाचा राजा त्या वीतभर पक्ष्यामागून चालू लागला. एका जुन्या अर्जुनाच्या खोडावर सुतारपक्ष्याने चोच मारली आणि कान लावला. सिंहानेही कान लावला. "मला तर काहीच कळत नाही," तो म्हणाला.

"मला कळतं," सुतारपक्षी म्हणाला. "मुळापासून शेंड्यापर्यंत भक्कम आहे. महाराज, छाव्यांना खुशाल इथे आणा."

त्याच दुपारी सिंहीण छाव्यांना घेऊन अर्जुनाखाली आली. सुतारपक्षी मात्र पुढच्या झाडावर जाऊन कान लावून बसला होता.

तात्पर्य : राबणाऱ्याच्या कामाचा नुसता आकडा मोजला आणि त्याचा शब्द डावलला, तर त्याचे मन कामातून उठते; त्याच्या कसबाला मान दिला, तर तो जीव ओतून काम करतो.