गुणाबाईचा साखरपुडा आणि उशिरा आलेली परी

परीची गोष्ट सांगणं हे काय माझं काम आहे? भाता कसा ओढायचा विचारा, कथील कधी वितळतं विचारा, सांगतो. पंख, चमचम, इवलंसं, पिटुकलं, असलं काही माझ्या तोंडून नीट निघत नाही. पण घरातून हुकूम आलाय की पोरांना ही गोष्ट मीच सांगायची, आणि रंग गाळायचे नाहीत. म्हणून सांगतो. निमूट बसा.

गुणा नावाची एक पोर होती. आई नाही, बाप नाही. गावाबाहेर एका बड्या माणसाची फुलबाग होती, तिथे ती ओढ्यावरून पाणी आणून झाडांना घालायची. घागर जवळजवळ तिच्याएवढी. दिवसभर वाहायची तेव्हा संध्याकाळी शिळी भाकरी मिळायची. बाग मात्र बघत राहावी अशी. पिवळीधमक शेवंती, लालचुटूक जास्वंद, निळीशार गोकर्ण. आणि कुंपणाशी आपलं आपण उगवलेलं गुलबक्षीचं झुडूप. मालकाने बजावलं होतं की त्या रानटी झुडपाला थेंबभर पाणी द्यायचं नाही.

एका उन्हाळ्यात ओढा आटला. गुणाला प्यायला म्हणून एक तांब्या पाणी मिळायचं, बस. भर दुपारी ती कुंपणाशी येऊन बसली, तर गुलबक्षीने माना टाकलेल्या. पोरीने तांब्या तोंडाशी नेला, झुडपाकडे पाहिलं, आणि सगळं पाणी त्याच्या मुळाशी ओतून टाकलं. स्वतः कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बसली.

तेव्हा एका कळीतून परी बाहेर आली. केवढीशी? गुणाच्या करंगळीएवढी. झगा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा, वर पांढरे शिंतोडे. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, आणि ते हलले की चिमुकल्या सोनेरी ठिणग्या उडायच्या. ती म्हणाली, तू माझं घर वाचवलंस, तुला एक इच्छा देते, पण ती आणायला वर जावं लागेल.

“थांब हं छोटी, आलेच,” म्हणाली आणि भुर्रकन उडाली.

गुणा थांबली. अंधार पडेपर्यंत थांबली. दुसऱ्या दिवशी थांबली. पाऊस आला, थंडी आली, पोरीची उंची वाढली, कामं वाढली, आणि थांबायचं राहून गेलं. गुलबक्षीला पाणी घालायचं मात्र राहिलं नाही. पुढे मालक गेला, त्याची मुलं शहरात गेली, बाग कुणालाच नको होती, ती गुणाकडेच राहिली. गुणाची गुणाबाई झाली. केस पांढऱ्या शेवंतीसारखे झाले. परीला ‘आलेच’ म्हटल्यावर यायला किती वेळ लागतो ते एक परीलाच ठाऊक.

आता दुसरं माणूस. कोंडाजी. गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचा. दर थंडीत बागेच्या बाहेर चिंचेखाली भट्टी लावायचा. काळीठिक्कर पातेली त्याच्या हातात आली की चांदीसारखी लखलख व्हायची. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाचा चोख आणि दिसायला बरा. काही लोक वेगळं सांगतात, त्यांची नजर अधू आहे.

त्याचं लग्न राहूनच गेलं होतं. आज इथे, उद्या तिथे, त्याला कोण मुलगी देणार? तो दर थंडीत गुणाबाईला विचारायचा, लग्न करता का. ती दर थंडीत हसून त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि विषय बदलायची. या खेपेला त्याने चहाला हात लावला नाही. त्या गावात फिरस्त्याला भट्टी लावायला आठ दिवसच मिळायचे. नववा दिवस काढायचा तर गावाशी नातं हवं. आणि कोंडाजीच्या गुडघ्यांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या थंडीत एवढी वाट काही आम्ही चालणार नाही.

“गुणाबाई, उद्या माझा शेवटचा दिवस,” तो म्हणाला. “साखरपुडा झाला तर राहतो. नाही झाला तर भाता गाठोड्यात बांधतो आणि जातो. मग पुन्हा दिसणार नाही.”

गुणाबाई म्हणाली, “उद्या सकाळी या. आंघोळ करून या.”

म्हणायला म्हणाली, आणि मग सगळी संध्याकाळ झाडांशी वाद घालत बसली. एवढं आयुष्य एका चुलीवर एका माणसाचं शिजवलं, आता दोघांचं मीठ हाताला कळेल का? तो घोरत असेल तर? आपण घोरत असू तर? ते सांगायला आजवर घरात कुणी होतंच कुठे? आणि या वयात हिरवं लुगडं नेसलं तर पोरंटोरं हसतील. मग तिने आरशात पाहिलं, आरसा पुसला, पुन्हा पाहिलं आणि ठरवलं, की हसतील तर हसू देत. रडण्यापेक्षा बरं.

सकाळी गाव बागेत जमलं. हिरवं लुगडं नेसून गुणाबाई पाटावर बसली. समोर कोंडाजी, हातात नवं कल्हई केलेलं तबक, तबकात साखरेचा पुडा, वर हळदीचा दोरा. सगळं नीट चाललेलं असताना नारबा उठला. नारबा म्हणजे गावचा पंच. त्याचा नियम असा, की साखरेचा पुडा घरातल्या थोर माणसाने उचलून नवरीच्या ओटीत घालायचा. आपला साखरपुडा आपणच केला तर तो साखरपुडा नव्हे, नुसती साखर. आता सांगा, या दोघांच्या घरात यांच्याहून थोर कोण उरलं होतं? आईबाप, काकामामा, सगळे कधीच गेलेले. आपल्या आपल्या घरात हीच दोघं सगळ्यांत मोठी.

लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, पंचानेच पुडा द्यावा. नारबा म्हणाला, मी काही यांच्या घरचा नव्हे, आणि ऊन चढायच्या आत थोर माणूस आणा, नाहीतर मंडळी आपापल्या कामाला मोकळी. वर हेही म्हणाला, की या वयात असले हट्ट शोभत नाहीत.

कोंडाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात गुणाबाई उठली.

“कुणी हलायचं नाही,” ती म्हणाली. “मी केसांत फूल माळून येते. साखरपुडा आजच होणार.”

फूल हे निमित्त. तिला तोंड फिरवून डोळे पुसायचे होते. ती कुंपणाशी गेली. गुलबक्षीची फुलं सकाळच्या कोवळ्या उन्हात अजून उघडी होती, गुलाबी, पिवळी, शेंदरी, जशी काही इवली इवली कर्णफुलं. तिने एका फुलाला हात लावला आणि आतून झुळझुळीत आवाज आला.

“आले गं छोटी. फार वेळ नाही ना लागला?”

तीच परी. तसाच झगा, तसेच पापुद्र्यासारखे पंख, धावत आल्यासारखी धापा टाकत होती. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

“तू जरा उंच झालीस का?”

“जरा,” गुणाबाई म्हणाली. “आणि थोडी म्हातारीही झाले.”

परी ओशाळली. म्हणाली, वर गर्दी होती. मग तिने इच्छेचे नियम सांगितले. इच्छा लहान पोरीच्या नावाची, म्हणून मुठीत मावेल तेवढंच मागायचं. दुसऱ्याचं मन बदलायला मागायचं नाही. आणि ऊन चढून गुलबक्षी मिटायच्या आत मागायचं. मिटली की इच्छा गेली.

“हे बघ, मी आधीच निवडून ठेवलंय,” परी म्हणाली आणि तिने एक टपोरा दवबिंदू पुढे केला. त्यात सात रंग गरगरत होते. “हा पी. पुन्हा अठराची होशील. काळेभोर केस, गुडघे नवे.”

गुणाबाईने तो थेंब हातावर घेतला. खोटं कशाला सांगू, बराच वेळ घेतला. त्यात तिला आपला गुळगुळीत चेहरा दिसत होता. पलीकडे नारबा खाकरत होता आणि फुलांच्या कडा मिटायला लागल्या होत्या.

“नको,” ती शेवटी म्हणाली. “त्या माणसाने मला विचारलंय, या केसांसकट. मी अठराची झाले तर लोक त्याला माझा आजोबा म्हणतील, आणि तो काही ऐकून घेणाऱ्यांतला नाही. भांडणं व्हायची.”

तिने थेंब अलगद गुलबक्षीच्या मुळाशी सोडला. मग तिने परीकडे पाहिलं, बाजारात नीट पारखून पाहतात तसं.

“तुझं वय काय गं?”

“माझं? तो डोंगर आहे ना, तो माझ्यासमोर मोठा झाला.”

“आणि राहतेस माझ्या झुडपात. पितेस माझ्या हातचं पाणी. म्हणजे तू माझ्या घरचीच,” गुणाबाई म्हणाली. “मला तूच हवीस. माझी थोर माणूस म्हणून चल. मुठीत मावतेस.”

परीला आजवर लोकांनी हिरे मागितले होते, माणकं मागितली होती. तिलाच कुणी मागितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत दोन चिमुकले मोती आले, आणि ती मुकाट्याने गुणाबाईच्या मुठीत शिरली.

पाटावर बसून गुणाबाईने मूठ उघडली. सगळ्या बागेत सोनेरी ठिणग्या उडाल्या. नारबा म्हणाला, ही एवढीशी पोर थोर कशी? परीने कमरेवर हात ठेवले.

“नारू, तुझ्या पणजोबाला मी ओढ्यात उघडा डुंबताना पाहिलंय. नाक पूस आधी.”

नारबाने नाक पुसलं. सगळ्यांनी पाहिलं.

मग परी कोंडाजीकडे वळली. थोर माणसं नवऱ्यामुलाला विचारतात तसं तिने त्याला विचारलं, बाळ, काय करतोस, किती शिकलास, जेवल्यावर आपलं ताट आपण उचलतोस का. बाळाने सांगितलं, कल्हई करतो, शिकलो नाही, आणि ताट आजवर दुसरं कोण उचलत होतं? परी खुदकन हसली. तिने पुड्याचा दोरा खांद्यावर घेतला आणि ओढायला लागली. गाल फुगले, पंख थरथरले, पुडा जागचा हलेना. कोंडाजी गुडघे कडकड वाजवत खाली बसला आणि तबक त्याने ओटीला भिडवलं. परीने एक शेवटचा हिसका दिला आणि पुडा सुटून गुणाबाईच्या ओटीत पडला. साखर सांडली, ती दवासारखी चमकली. परीने एकेक दाणा दोघांच्या तोंडात घातला.

“छोटी,” ती म्हणाली, “आता तरी कुणासाठी थांबू नकोस.”

कुंपणाशी शेवटची गुलबक्षी मिटली. परीच्या पंखांतून गुलाबी, मग पिवळा, मग पांढराशुभ्र उजेड फुटला, झाडं, माणसं, भांडी सगळी त्यात न्हाऊन निघाली. डोळे उघडले तेव्हा ती नव्हती. ओटीत साखर होती, आणि त्या दिवशी चिंचेखालची भट्टी विझली नाही.

झाली गोष्ट. सगळ्या गावाने डोळ्यांनी पाहिलेली. तरी एक माणूस अजून सांगत फिरतो की परीबिरी काही नव्हती, त्या म्हाताऱ्या कल्हईवाल्याने तबक उन्हात हलवून लोकांचे डोळे दिपवले. तबक माझ्या हातात होतं, कबूल. मी ते हलवलं नाही. त्याने माझ्या दारात येऊन तसं म्हणायचं आणि माफी मागायची. त्याचं नाव नारबा.