आपण कोण?

एकदा एका नदीकाठच्या पाठशाळेत तत्त्वज्ञान शिकायला नवी मंडळी दाखल झाली. त्यांना पहिला पाठ कोणी द्यायचा, असा प्रश्न निघाला. वृद्ध आचार्यांनी जिच्याकडे बोट दाखवलं, ती शिष्या दचकून एक पाऊल मागेच सरली.

दचकणं हा तिचा स्वभावच होता. भांडं पडलं तरी ती दचके आणि कोणी स्तुती केली तरीही. तिथलं एकही शास्त्र असं नव्हतं की जे तिला मुखोद्गत नव्हतं. पण चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की तोंडाला कोरड पडायची.

"गुरुजी, मला नाही जमायचं."

"जमतं की नाही, ते तू कशाला ठरवतेस? ते नवे विद्यार्थी ठरवतील."

पाठशाळेचा रिवाजच तसा होता. पाठ संपल्याची घंटा झाल्यावरही नवी मंडळी आपणहून बसून राहिली, तर पाठ देणाऱ्याला शिक्षकाचं आसन मिळे. उठून गेली, तर त्यानं मुकाट्यानं पुन्हा शिष्यांच्या रांगेत बसायचं. आजवर एकाही स्त्रीला ते आसन मिळालं नव्हतं. तिला ते हवं होतं. किती हवं होतं, हे तिनं स्वतःलाही कधी मोठ्यानं सांगितलं नव्हतं.

ठरल्या दिवशी ती उभी राहिली. आचार्य घंटेपाशी डोळे मिटून बसले होते.

"सत् म्हणजे ज्याचा त्रिकालात बाध होत नाही ते," तिनं सुरुवात केली. "असत् म्हणजे..."

पुढच्या रांगेतल्या तांबटाच्या मुलानं जांभई दिली. ती पाहून त्याच्या शेजाऱ्यानंही दिली. शिष्येचा आवाज बारीक होत चालला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि एक स्थूल, वयस्क गृहस्थ धापा टाकत आत आले. ते कापडाचे व्यापारी होते. दुकान मुलांच्या हाती देऊन शिकायला निघाले होते आणि पहिल्याच दिवशी त्यांना उशीर झाला होता.

शिष्या इतकी दचकली की पुढचं वाक्यच विसरली. "आपण..." ती चाचरली, "आपण कोण?"

व्यापारी जागच्या जागी थांबले. त्यांनी हात जोडले, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारात पडले. "आपण? म्हणजे तुम्ही, मी, ही सगळी मंडळी? कठीण आहे, बाई. जरा वेळ द्या."

हशा पिकला. "अहो शेटजी," तांबटाचा मुलगा म्हणाला, "बाई तुमचं नाव विचारतायत!"

"नाव होय! नाव काय, आत्यानं ठेवलं. त्यात माझं काय? मला वाटलं, पाठ सुरू झालाय. इथं एवढा सोपा प्रश्न विचारत असतील, असं वाटलं नाही."

"मग कापडवाले म्हणून सांगा की."

"दुकान परवाच सोडलं. कापड गेलं, मी आहेच की अजून!"

हशा थांबला. भिंतीला टेकून बसलेली एक प्रौढ बाई हळूच म्हणाली, "माझं लग्न झालं तेव्हा तांदळात नवं नाव लिहिलं. माहेरी कोणी 'यमू' म्हणून हाक मारली की मी वळते. सासरी 'अन्नपूर्णा' म्हटलं की वळते. वळते ती कोण?"

"वळते ती मान!" तांबटाचा मुलगा म्हणाला.

"मान कुणाची रे, बाबा?"

त्यानं आपलीच मान चाचपली. सगळ्यांनी शिष्येकडे पाहिलं. तिला उत्तर ठाऊक होतं; शब्द जिभेच्या टोकावर आले होते. तिनं तोंड उघडलं मात्र, आचार्यांनी घंटा वाजवली.

पाठ अर्ध्यावर तोडला! शिष्येला वाटलं, सगळं संपलं. आता ही मंडळी उठणार, आपलं आसन गेलं. पण कोणीच उठलं नाही.

"घंटेचं राहू द्या, बाई," तांबटाचा मुलगा म्हणाला. "तुम्हाला माहीत असेल. वळते ती कोण?"

ती अन्नपूर्णेकडे पाहत राहिली. त्या बाईच्या डोळ्यांत कौतुक नव्हतं, परीक्षाही नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"मला उत्तर पाठ आहे," शिष्या सावकाश म्हणाली. "पण तुमच्या दोन नावांशेजारी ते ठेवून पाहिलं, आणि ते मला कळलंय का, असा प्रश्न आज पहिल्यांदा पडला."

"मग तुम्ही आमच्यातल्याच की!" व्यापारी खूश झाले. "सरका जरा. बाईंना बसू द्या."

ती त्यांच्यात बसली. जेवणाची हाक आली तरी वाद रंगलेलाच होता. शेवटी पोटानंच सगळ्यांना उठवलं.

मंडळी पांगल्यावर तिनं विचारलं, "गुरुजी, मी बोलणार तोच घंटा का वाजवलीत?"

"तू उत्तर देणार होतीस म्हणून," आचार्य म्हणाले. "उत्तर बरोबरच होतं. यांनी ते घोकलं असतं आणि घंटा झाल्याबरोबर समाधानानं उठले असते. अगं, मी कोण, खरं काय, कसं जगावं, हे प्रश्न आपण बाहेरून आणून कोणाला देत नाही. माणसं ते घेऊनच येतात. दोन नावांत, सोडलेल्या दुकानात. ते त्यांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत गुरूनं आपलं ज्ञान आवरून धरावं. मी पुष्कळांना उत्तरं शिकवली. मी घंटेनं तुला थांबवलं ते एकदाच. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा तू आपली आपण थांबलीस. हे मी तुला शिकवलेलं नाही, पोरी."

त्यांनी आसनावरची धूळ स्वतःच्या उपरण्यानं पुसली आणि बाजूला उभे राहिले.

ती पुढे झाली आणि ताठ मानेनं आसनावर बसली.