अध्यक्षांची दुरुस्ती

सोसायटीची लिफ्ट महिनाभर बंद होती. व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीही तक्रार केली, की अध्यक्ष खांबेटेसाहेब लिफ्टबद्दल अवाक्षर न काढता त्याचीच ओळ शुद्ध करून पुन्हा टाकत, वर म्हणत, "आधी मराठी सुधारा!"

गुडघेदुखीने पाचव्या मजल्यावर अडकलेल्या रत्नमालाबाईंनी एका सकाळी लिहिलं, "मि रवीवारपर्यंत लीफ्ट दूरुस्त करुन देईन, नाहितर अध्यक्षपद सोडेन."

इतक्या चुका बघून साहेबांचे हात शिवशिवले. लगेच त्यांची ओळ झळकली, "मी रविवारपर्यंत लिफ्ट दुरुस्त करून देईन, नाहीतर अध्यक्षपद सोडेन."

ग्रुपवर टाळ्यांची रांग लागली.

"अहो, मी फक्त शुद्धलेखन तपासलं!" साहेब गडबडले.

रत्नमालाबाईंनी उत्तर दिलं, "साहेब, शब्द शुद्ध केलात, आता खराही करा."