चंद्री शेळीचं नेट कुणी खाल्लं?

“माझं कुणी खरं मानत नाही! दिवसभर फोनला शिवले नाही, तरी नेट संपलं!” चंद्री शेळी कडाडली. जनावरं मोबाईल बाळगायची, तेव्हाची ही गोष्ट. लांबच्या कुरणात राहणाऱ्या तिच्या करडाला, टिल्याला, ती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बघायची. आज कॉल लागेना.

शेजारच्या भुऱ्या माकडाने फोन चाळला. “काकी, यात टिल्याचे गेम आहेत. वायफाय नसलं तरी आपोआप अपडेट होतात. तेच तुमचं नेट खातात. काढून टाकू?”

“हात लावून बघ! सुट्टीत आल्यावर लेकरू काय खेळेल?”

“मग अपडेट तरी बंद करू?”

“आणि त्याला शिळे गेम देऊ?”

“मग चूक कुणाची म्हणायची, काकी?”

चंद्रीने शिंगं रोखली. “लेकराला गेमचा नाद कुणी लावला? तूच ना! आता गुमान तुझ्या फोनवरून कॉल लाव, भुऱ्या!”