पाचाशेजारची रेघ

खडकुंब्याच्या वेशीतून आत शिरलात की उजव्या हाताला, पाराला टेकून, कमरेइतका उंच काळा दगड उभा आहे. सन १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ४१ माणसे गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले, एवढेच त्यावर कोरले आहे. नावे नाहीत, नुसते आकडे. मात्र त्या पाचाच्या शेजारी एक उभी रेघ आहे, बोटाचे पेर आत जाईल एवढी खोल आणि झिजून गुळगुळीत झालेली. पाहुणे दगड वाचतात, फोटो काढतात आणि हमखास विचारतात, ही रेघ कसली? मग गणूआबा पाटील डोक्यावरची टोपी काढून हातात घेतात. ऊन असो की पाऊस, गोष्ट संपेपर्यंत ती टोपी पुन्हा डोक्यावर जात नाही, आणि आबा बसतही नाहीत. इतर गावांत पाटलांच्या घरची माणसे पूर्वजांची मर्दुमकी सांगतात. खडकुंब्यात चूक सांगतात, आणि ती पाटलांनाच सांगावी लागते.

ही चूक आबांच्या पणजोबांची, धारराव पाटलांची.

असे सांगतात की धाररावांच्या शब्दाला पंचक्रोशीत वजन होते. लढाई सुरू झाली तेव्हा मामलेदाराने गावोगावच्या पाटलांना बोलावून फौजेत माणसे भरायला सांगितली. खडकुंब्याच्या वाट्याला चाळीस आली. धाररावांनी चाळीस दिली, आणि मामलेदारापुढे छाती काढून चालता यावे म्हणून वर एक दिला. तो वरचा एक म्हणजे केरबा, तान्हूबाई नावाच्या विधवेचा एकुलता मुलगा. धाररावांचा स्वतःचा थोरला त्याच वयाचा होता. भरतीच्या दिवशी तो बहिणीच्या गावाला गेला होता म्हणे. आबा हे वाक्य कधी गाळत नाहीत.

तान्हूबाई दारात आडवी उभी राहिली, चौकटीला दोन्ही हात लावून. ती काही केल्या हटेना. तेव्हा धारराव भैरोबाच्या देवळात गेले, चिमूटभर अंगारा घेऊन आले आणि तो त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

"तान्हूआक्का, ह्या अंगाऱ्याची आण घेऊन सांगतो. पोरगं मी नेतोय, मीच ते माघारी आणून तुझ्या ओसरीवर उभं करतो."

पाटील आण घेतो म्हटल्यावर तिने वाट सोडली. केरबा वेशीतून गेला तो गेलाच.

पाच वर्षे लढाई चालली. या काळात गावात पाच घरी सरकारी कागद आले, आणि पाच घरांतून रडणे ऐकू आले. तान्हूबाईकडे कागद आला नाही. ती रोज संध्याकाळी एक भाकरी जास्तीची थापायची आणि टोपलीखाली झाकून ठेवायची. सकाळी ती गाईला घालायची आणि संध्याकाळी पुन्हा नवी थापायची.

लढाई संपल्यावर केरबाच्याच पलटणीतला जोती सणस हाडांचा सापळा होऊन परत आला. तो आधी पाटलांकडे गेला. बगदादच्या खालच्या अंगाला, नदीच्या वळणावरच्या एका गावात तुर्कांनी त्यांना पाच महिने वेढून ठेवले होते. दाणे संपले, घोडे संपले, शेवटी साहेबांनी पांढरे निशाण लावले. मग तुर्कांनी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले. तिसऱ्या आठवड्यात केरबा वाटेच्या कडेला बसला तो उठला नाही. पहाऱ्यावरच्या एका तुर्काने आपल्या वाट्याच्या भाकरीचा तुकडा त्याच्या ओठांशी धरला, तोही बिचारा उपाशीच होता. पण केरबाला गिळवले नाही.

"मावशीला कसं सांगू, पाटील?" जोती म्हणाला. "माझी जीभ उचलत न्हाई."

"तू बोलू नकोस. आण माझी हाय, मीच सांगतो," धारराव म्हणाले.

ते सांगायला गेलेही. पहिल्या खेपेला तान्हूबाई पीठ मळत होती. तिने हात धुतले, घोंगडी अंथरली आणि विचारले, "पाटील, केरबाचा काय सांगावा?" धारराव म्हणाले, "येईल." दुसऱ्या खेपेला तिने पेलाभर दूध पुढे केले, ते पिऊन ते परतले. तिसऱ्या खेपेला तिच्या घराच्या वळणापर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. एकेचाळीस घरची माणसे लढाईवर धाडताना न कचरलेला माणूस एका बाईच्या उंबऱ्याला घाबरला. दसरा होऊ दे, सुगी होऊ दे, मग सांगू, असे ते स्वतःला समजावत राहिले.

तशात सरकारकडून विचारणा आली. गावोगाव दगड बसवायचे आहेत, तुमच्याकडचे किती गेले आणि किती मेले ते कळवा. धारराव कागद पुढे घेऊन बसले. सहा लिहावे, तर सहावे घर कोणते हे सारा गाव विचारणार. त्यांनी पाच लिहिले.

दगड बसला त्या दिवशी तान्हूबाईही पाराशी आली. तिने मास्तरांकडून अक्षरे दोनदा वाचून घेतली. मग बोटांवर पाच घरे मोजली. तिचे घर त्यांत नव्हते. पाटलांनी लिहून दिलेले आणि सरकारने दगडात कोरलेले, ते खोटे कसे असेल? ती धावत घरी गेली, गुळाची ढेप फोडली आणि दगडापाशी उभी राहून साऱ्या गावाला गूळ वाटला. ज्यांची पोरे मेली होती त्या पाच आयांनीही तो तिच्या आनंदाखातर घेतला. धाररावांच्या हातावरही खडा पडला, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तो तोंडात टाकला.

त्यानंतर सांगणे आणखीच अवघड झाले. तान्हूबाईचा भाऊ तिला न्यायला आला, तर ती म्हणाली, "केरबा आला आन् दाराला कुलूप दिसलं म्हंजे?" ती एकटीच राहिली. टोपलीखाली भाकरी रोज असायची.

पुढे एका सर्वपित्री अमावास्येला ती जोती सणसाच्या घरी स्वयंपाकाला हात लावायला गेली. दुपारी पितरांची पाने वाढली. जोतीच्या घरचे गेलेले सगळे तिला ठाऊक होते. तिने पाने मोजली, तर एक जास्त होते.

"जोती, हे कडचं पान कुणाचं रं?"

जोतीच्या हातातली पळी थांबली. त्याने मान वर केली नाही, आणि त्यावरूनच ती समजली. मग त्याने सारे सांगितले, पाटलांना आधीच सांगितले होते हेही सांगितले. तिने ऐकून घेतले, पदर खोचला आणि ती थेट पाटलांच्या घरी गेली.

तिथेही पाने वाढून झाली होती. खीर, वडे, भाजी, सगळे काही. धारराव नुकतेच हात जोडून उठत होते.

"तुमच्या घरची समदी जेवली का, पाटील?" तिने विचारले.

धाररावांचे जोडलेले हात खाली आले.

"नऊ वर्सं झाली. जित्या पोरासाठी रोज भाकरी झाकून ठिवली मी. मेलेल्याला एक घास घातला न्हाई. भुकंनं गेलं माझं लेकरू, आन् गेल्यावरबी मी त्याला उपाशी ठिवलं. तुमी मला ठिवायला लावलं."

ती रडली नाही, असे सांगतात. ओढ्यातला एक गोटा उचलून पाराशी गेली आणि दगडावरच्या पाचाशेजारी घासू लागली. तिला अक्षर येत नव्हते, रेघ येत होती. दिवस कलला तरी ती घासत होती. धारराव बोडक्या डोक्याने तिच्या मागे येऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "आक्का, पाथरवट बोलावतो. सहा कोरून घेतो."

"नगं," ती म्हणाली. "पाच तुमचं. ऱ्हाऊ द्या तसंच, दिसू द्या लोकांस्नी. रेघ माझी हाय."

त्याच जागी धाररावांनी दुसरी आण घेतली. माझ्या घरचा माणूस या दगडापाशी उघड्या डोक्याने उभा राहून विचारेल त्याला हे सांगेल, आणि सर्वपित्रीचे पहिले पान माझ्या पितरांचे नसेल, केरबाचे असेल. पहिली आण त्यांच्याने पाळवली नाही, ही मात्र त्यांच्या घराने पाळली.

काही वर्षांपूर्वी तुर्कस्तानातल्या एक शिक्षिका इथे आल्या होत्या. दुभाष्याकडून त्यांनी गोष्ट ऐकली. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तो वेढा म्हणजे विजय, पूर्वी तर त्या दिवशी सण असायचा. वाळवंटातल्या चालीबद्दल मला शाळेत कुणी शिकवले नाही. यावर आबा सांगतात, इंग्रजांकडे ती हार. त्यांनी इराकातल्या बसऱ्याला मेलेल्यांसाठी मोठी भिंत उभारली, तिच्यावर साहेबांची नावे कोरली आणि आपल्या शिपायांचा, म्हणे, तिथेही आकडाच. "त्यो आकडा कुणी दिला आसंल?" आबा विचारतात. "तितंबी कुणी धारराव बसला आसंल." त्या बाईंनी रेघ घासायचा गोटा मागितला. आबांनी क्षणभर विचार केला आणि दिला. त्यांनी रेघेवरून तो एकदाच फिरवला.

पुढे नावांचा संगमरवरी फलक लावून देतो म्हणणारेही येऊन गेले. गावाने नको म्हटले. दगडावर आजही पाचच आहेत. आजही सर्वपित्रीला घरटी एक माणूस येतो, ओढ्यातल्या गोट्याने रेघ एकदा घासतो आणि जातो. पाटलांच्या घरात त्या दिवशी कुणी गूळ तोंडात घालत नाही. गावातल्या कुठल्याही घरी पान वाढण्याआधी आबा पत्रावळ घेऊन वेशीत येतात, ती दगडापुढे ठेवतात आणि मोठ्याने म्हणतात, "केरबा, जेव बाबा. उशीर झाला."