उंबरठ्यावर राहिलेला शब्द

एका राज्यात, राजधानीपासून दूर आमराईपलीकडे, शंभर दारांचा महाल होता. मायावी स्थपती विरोचनाने तो बांधला होता. सागवानी खांब, खांबांवर कोरलेली कमळे, कमळांवर लाकडी राघू. वारासुद्धा तिथे विचारून आत येई.

एके दिवशी राजा सुषेण युद्धाला निघाला. घाईघाईत उंबरठ्यावर म्हणाला, "जातो." तो गेला, तो गेलाच. शब्द तेवढा चौकटीत अडकून राहिला.

त्या दिवसापासून महालाचे एकेक दार भिंत होऊ लागले, आणि दर दारागणिक घरातले एकेक माणूस त्या भिंतीवरचे चित्र. आचारी पळीसकट चित्र झाला, दासी वेणी घालता घालता. राणी शशिप्रभा सांजवात लावी आणि बाहेर म्हणून पाऊल टाकीत नसे. शेवटी एक दार उरले, आणि माणसे दोन: राणी आणि तिची लेक रेवा.

तेव्हा लाकडी राघू बोलला.

"राणीसरकार, सूर्य मावळला की हेही दार मिटेल, आणि राजकन्या चित्र होईल. तीन कामे आहेत. आधी महालाच्या पायाखालच्या नागाकडून भिंतीचा सरळपणा जोखायचा स्थपतीचा ओळंबा आणा."

राणी तळघरात उतरली. शापित सोन्यावर नाग पहुडला होता.

"काय हवे?"

"ओळंबा."

"सोने नको?"

"घरात भिंतीच वाढल्यात, नागराज. ठेवू कुठे?"

नागाला हसू आले. त्याने ओळंबा दिला.

"आता आढ्यावरच्या यक्षिणीला विचारा, महालाचे बिघडले कुठे," राघू म्हणाला.

राणी आढ्यावर चढली. यक्षिणी केस विंचरीत होती. तिने राणीकडून ओळंबा घेऊन दोरीने खाली सोडला. तो सरळ खाली न लोंबता तिरपा झाला आणि शेवटच्या उंबरठ्याकडे ओढ घेऊ लागला.

"तिथे जाणाऱ्याचा शब्द अडकलाय," यक्षिणी म्हणाली. "तो येणाऱ्यानेच निघेल."

तिसरे काम राणीला कळले. बाहेर जायचे आणि परत यायचे. रेवाने आत थांबायचे. निरोप घ्यायला घरात कुणी लागते.

राणीचे पाऊल उचलेना. ऊन उतरत होते.

"नागाला भ्याला नाहीत, उंबरठ्याला भिता?" राघूने विचारले.

"नागाकडे माझे कुणी नव्हते," राणी म्हणाली.

"आईसाहेब," रेवा म्हणाली, "मी चित्र झालेच, तर हसरे होईन. तुम्ही निघा."

राणीने उंबरठा ओलांडला. तिने मागे वळून पाहिले.

"येते," ती म्हणाली.

"या," आतून रेवा म्हणाली. त्याच क्षणी सूर्य मावळला आणि दार मिटले.

राणी आमराईपर्यंत चालत गेली. राजाचा घोडा बांधायची कडी अजून झाडाला होती. तिने कडीवर हात ठेवला, वाटेकडे पाहिले. वाट रिकामी होती. ती माघारी वळली.

दाराच्या जागी भिंत होती. राणी भिंतीसमोर उभी राहिली.

"आले," ती म्हणाली.

चौकटीतून जुना शब्द वाळक्या ढलपीसारखा गळून पडला. भिंतीचे दार झाले, मग शंभर दारे झाली. दासीने वेणीचा शेवटचा पेड घातला. आचारी भांड्यात पळी फिरवीत म्हणाला, "यात मीठ घातले होते का मी?"

रेवा दारातच उभी होती. हसरी, आणि जिवंत.

राजा आला नाही. पण महालाची दारे पुन्हा मिटली नाहीत, आणि त्या राज्यात निघणाऱ्याला निरोप द्यायला उंबरठ्यावर कुणीतरी उभे राहू लागले. कथा इथे सरली. उठताना काय म्हणायचे, ते तुम्ही जाणताच.